दर्शनी भिंत आणि आतला चौक

मालगुजाराचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकाचा, वाडा रस्त्यावरून जाणाऱ्याला फारसे काही सांगत नाही. उंच, जाड, जवळजवळ बिनखिडक्यांची भिंत, तिच्यात एक मोठा दरवाजा, गिलावा उडालेला, आणि वर माकडांच्या कळपाने इकडची तिकडे केलेली कवेलू. उंबरा ओलांडला की मात्र चित्र पालटते. दगडी तळखड्यांवर उभे सागवानी खांब, चहूबाजूंनी ओसरी, मधे उघडा चौक, एका अंगाला धानाची कोठी, दुसऱ्या अंगाला देवघर, वर माडी. वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत, गावाचा वसूल, तलावाच्या पाण्याची पाळी आणि भाऊबंदांचे तंटे अशाच ओसरीवर बसून मिटवले जात.

समजा, अशा एखाद्या वाड्याच्या वारसांनी दर्शनी भिंत पाडून तिथे शटरचे चार गाळे काढायचे ठरवले. त्यांना कोण अडवू शकते? नगर परिषद? पुरातत्त्व खाते? जिल्हाधिकारी? की कोणीच नाही? सर्वसाधारण समज असा, की ‘जुनी वास्तू’ म्हटली की सरकारचा निळा फलक येतो, आणि फलक नसेल तर मालक राजा. कायदा मात्र या दोन टोकांच्या मधे बरेच काही सांगतो. ते मधले क्षेत्र पुरेसे ओळखीचे नाही, म्हणून त्याच्यासाठी हे प्रकरण.

आधी निळ्या फलकाचा निकाल लावू. केंद्र सरकारचा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा १९५८ चा, महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा. दोन्हींचा रोख स्मारकावर: किल्ला, मंदिर, लेणे, टेकाड. १६ जून १९९२ रोजी केंद्राने अधिसूचना काढून स्मारकाभोवतीच्या १०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला बंदी घातली आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी सक्तीची केली. २०१० च्या दुरुस्तीने ही मर्यादा कायद्यातच आली आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण उभे राहिले. हा नियम सरळ फूटपट्टीचा आहे. फ्रान्सने १९४३ मध्ये असाच नियम केला, तोही ५०० मीटरचा, पण त्यात दृष्टीचा विचार होता: स्मारकावरून दिसणारी किंवा स्मारकाबरोबर एका नजरेत येणारी इमारत असेल, तरच तिच्या बदलावर सरकारी वास्तुतज्ज्ञाची नजर. आपला १०० मीटरचा परीघ काय दिसते आणि काय नाही हे विचारत नाही. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांची कोंडी यातूनच झाली. दुरुस्तीची परवानगी मिळू शकते, नवे बांधता येत नाही, आणि भाडेकरू व मालक दोघेही पडक्या जिन्याखाली दिवस काढतात. स्मारक सुरक्षित राहावे म्हणून केलेला नियम स्मारकाच्या शेजारचे जुने शहर वाचवतोच असे नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या बाबतीत तर स्मारकांच्या कायद्याने प्रश्नाचा कोपराच उजळतो. गोंदिया शहराला लागून असलेल्या नागऱ्याचे जुने शिवमंदिर, आमगावजवळचे पदमपूर (वाकाटकांचे पद्मपूर आणि भवभूतीचे गाव ते हेच, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी मांडले), सालेकसा तालुक्यातले कचारगड, या स्थळांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत येतात. पण जिल्ह्याच्या गावांचा आणि बाजारपेठांचा चेहरा घडवला तो देवळांनी कमी आणि वाडे, तलाव, पेढ्या, राइस मिल आणि रेल्वेने जास्त. तलाव सोडले तर यांतले बहुतेक सगळे दीडदोनशे वर्षांच्या आतले. त्यांना ‘प्राचीन’ म्हणणे अवघड, आणि सामान्य म्हणून सोडून देणे त्याहून अवघड.

अशा इमारतींसाठी महाराष्ट्राने वेगळी वाट काढली, आणि ती पुरातत्त्व खात्यातून न जाता नगररचनेतून गेली. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात १९९४ मध्ये दुरुस्ती झाली. ‘वारसा इमारत’ आणि ‘वारसा परिसर’ यांच्या व्याख्या त्यात आल्या, आणि वारसा इमारतीत किंवा परिसरात केलेला रचनात्मक बदल हाही ‘विकास’ ठरला. कायद्याच्या भाषेत विकास म्हटला की परवानगी आलीच. व्याख्येतला सर्वांत मोलाचा भाग असा, की एखादी इमारत वारसा आहे हे जाहीर करायचे ते त्या हद्दीच्या नियोजन प्राधिकरणाने. दिल्लीच्या कार्यालयाने जाहीर करायचे नाही. गोंदिया शहरापुरते बोलायचे तर नियोजन प्राधिकरण म्हणजे नगर परिषद. नळाच्या पाण्याची पट्टी, घरकर आणि नालेसफाई यांच्याच टेबलावर हा अधिकार ठेवलेला आहे.

पुढच्याच वर्षी, २१ एप्रिल १९९५ रोजी, मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ६७ क्रमांकाचा नियम मंजूर झाला. सहाशेहून अधिक इमारती आणि काही परिसर यांची यादी, तिच्यावर सल्ला देणारी वारसा संवर्धन समिती, आणि यादीतल्या वास्तूंच्या श्रेणी असा तो साचा. भारतात शहराच्या पातळीवर असा नियम पहिल्यांदा झाला तो इथे. मागे श्याम चैनानी आणि त्यांच्या बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपसारख्या मंडळींचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. नागपूरचीही स्वतःची यादी आणि समिती झाली. मग डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता सगळ्या राज्यासाठी एकच बांधकाम नियमावली आली, एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, आणि तिच्यात वारसा इमारती, परिसर व नैसर्गिक स्थळे यांच्या संवर्धनाचे कलम घातले गेले. म्हणजे फोर्टातल्या दगडी इमारतींसाठी जन्मलेली कल्पना, थोड्याफार फरकाने, गोंदिया आणि तिरोड्याच्या नगर परिषदांच्या, गोरेगाव-देवरी-सालेकशाच्या नगर पंचायतींच्या कपाटापर्यंत पोहोचली.

कपाटातला नियम बाहेर येतो तो यादीच्या रूपाने. यादी नसेल तर नियमाला हात धरायला काही नाही. बांधकाम परवानगीचा अर्ज आला, की आखीव पत्रिका, कराची पावती, नकाशा, रस्त्याची रुंदी, सामासिक अंतर आणि चटई क्षेत्र एवढे तपासून अभियंता मोकळा. जमीन नझूलची (सरकारी मालकीची) असेल तर पट्ट्याची अट आणखी एक. पाडली जाणारी इमारत कोणाची, किती जुनी, तिच्यातले खांब कुठल्या सागाचे, हे विचारणारा रकाना फॉर्मवर येतो तोच यादीमुळे. अलीकडे छोट्या भूखंडांची परवानगी सोपी आणि झटपट केली आहे, आणि सामान्य घरबांधणी करणाऱ्याला ती सोय हवीच होती. पण त्यामुळे अर्ज कोणाच्या नजरेखालून जाण्याचा वेळ आणखी कमी झाला. यादीत नाव नसलेला वाडा आता जास्त वेगाने पडू शकतो.

यादी करण्याची रीत कागदावर गुंतागुंतीची नाही. समितीच्या सल्ल्याने प्राधिकरण यादी तयार करते, जाहीर सूचना काढते, हरकती व सूचना मागवते, मालकांना ऐकून घेते. समितीत रचना अभियंता, संवर्धनाचा अनुभव असलेला वास्तुविशारद, इतिहासाचा जाणकार, नगररचनेचा अधिकारी अशी माणसे लागतात. छोट्या शहराला ती कुठून मिळणार, हा नेहमीचा प्रश्न. गोंदियापुरता तो थोडा सोपा आहे: सुमारे १३० किलोमीटरवरच्या नागपुरात विश्वेश्वरय्या संस्थेचा वास्तुकला विभाग आहे आणि विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागही. आणि छोटे गाव म्हणजे नियम झेपणार नाही असे म्हणावे, तर महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान डोळ्यांसमोर आहेत. केंद्राने २००१ आणि २००३ मध्ये त्यांना पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले, तेव्हा जंगल-टेकड्यांबरोबर मानवनिर्मित वारसाही, म्हणजे बंगले, वाटा, परिसर, हेरून त्यांचे संवर्धन करण्याची अट घातली. लोकसंख्येने गोंदियाच्या पासंगालाही न पुरणारी ही गावे. २०११ च्या जनगणनेत गोंदिया शहर सव्वा लाखाच्या पुढे गेले होते.

अडचण माणसांची कमी आणि मनाची जास्त आहे. ३१ जुलै २०१२ रोजी मुंबईत आणखी ८६८ ठिकाणांची प्रस्तावित यादी जाहीर झाली, तेव्हा शिवाजी पार्क परिसरातल्या रहिवाशांनीच कडाडून विरोध केला. पुनर्विकास अडेल, लिफ्ट लावता येणार नाही, भाव पडेल, अशी भीती. ही तीच वस्ती, जी आपल्या मैदानाच्या कठड्याची एक वीट हलवू देत नाही. लोकांना ढोंगी म्हणून मोकळे होता येईल, पण त्यांची शंका पोकळ नव्हती: यादीत नाव गेल्यावर आपल्याला काय करता येईल आणि काय नाही, हे त्यांना घरपोच, साध्या भाषेत कोणी सांगितलेच नव्हते.

ते सांगणे शक्य आहे, कारण श्रेणींचा अर्थ बराच स्पष्ट आहे. पहिली श्रेणी राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या अग्रगण्य वास्तूंची. तिथे आतबाहेर कुठेही हात लावायचा नाही, लावायचा तो वास्तू मजबूत करण्यापुरता. दुसरी श्रेणी प्रादेशिक किंवा स्थानिक मोलाची. आतले बदल, नवा वापर चालतो, बाहेरच्या रूपावर समितीचे लक्ष असते. मुंबईत या श्रेणीचे अ आणि ब असे दोन भाग आहेत, आणि ‘ब’मध्ये त्याच आवारात शोभेल असे जादा बांधकामही करता येते. तिसरी श्रेणी गल्लीचा किंवा वस्तीचा बाज घडवणाऱ्या इमारतींची. तिथे आतबाहेर दोन्हीकडे बदल होऊ शकतात, फक्त वस्तीच्या चेहऱ्याला धक्का लागू नये. परिसराची गोष्ट याहून वेगळी: तिथे एकेकट्या इमारतीला मोल असेल नसेल, पण ओळीने उभ्या घरांची उंची, छपरांचा उतार, ओट्यांची रांग यांना मिळून मोल असते, आणि नवी इमारत त्या रांगेत बेंगरूळ दिसू नये एवढी अपेक्षा असते.

आता पुन्हा वाड्याकडे येऊ, कारण घोळ इथेच आहे.

ही सगळी श्रेणीव्यवस्था मनात कुठली इमारत धरून केली आहे? मुंबईतल्या हॉर्निमन सर्कलची कमानदार ओळ, ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको इमारती, रस्त्याकडे तोंड करून नटलेल्या. ज्यांचे सौंदर्य रस्त्याला दिसते अशा. त्यामुळे ‘बाहेरचे जपा, आतले सोडा’ हा दुसऱ्या श्रेणीचा तोडगा त्यांना चपखल बसतो. अमेरिकेतल्या पहिल्या अशा नियमाचाही रोख हाच होता. दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन शहराने १९३१ मध्ये जुन्या वस्तीसाठी स्वतंत्र क्षेत्र आखले आणि बाहेरून दिसणारे बदल तपासायला मंडळ नेमले. निमित्त होते पेट्रोल पंपांचे. मोटारी वाढल्या तशा कोपऱ्यावरच्या जुन्या हवेल्या पाडून तिथे पंप उभे राहू लागले. दुसरीकडे श्रीमंत संग्राहक त्या घरांतले लाकडी नक्षीकाम उचकटून नेत होते. मंडळाने पंपांना वेसण घातली, पण घराच्या आतल्या लाकडाला संरक्षण दिले नाही. नियम दारातच थांबला.

विदर्भाच्या वाड्यात दारापासून आतच खरा ऐवज आहे. दर्शनी भिंत कोरीच ठेवायची रीत होती. पेंढारी, चोर, ऊन आणि परक्याची नजर यांना ती अडवायची. मग दुसऱ्या श्रेणीत घातलेल्या वाड्याचे काय होईल? भिंत आणि दरवाजा राहील, आणि चौकातले खांब, तुळया, कोरीव चौकटी नियमाचा भंग न करता काढून नेता येतील. हा काल्पनिक धोका नाही. जुन्या सागाला बाजार आहे. वाड्यांचे खांब आणि दरवाजे विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात, आणि कधीकाळी धानाच्या कोठीशेजारी उभा असलेला खांब शहरातल्या हॉटेलच्या स्वागतकक्षात दिवे लावून उभा केलेला आढळतो. मुंबईच्या मापाने बेतलेला अंगरखा पूर्व विदर्भाला असा आखूड पडतो.

उपाय नियमातच आहे, पण तो कष्टाचा आहे. यादीत नुसते ‘अमुक वाडा, श्रेणी दोन’ असे लिहून चालत नाही. प्रत्येक वास्तूचे काय जपायचे ते नोंदपत्रात लिहावे लागते. चौक उघडा राहील. ओसरीचे खांब जागचे हलणार नाहीत. कोठीचा वापर बदलता येईल, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर हवे तसे नवे करता येईल. दर्शनी भिंतीत खिडक्या पाडायला हरकत नाही, अमुक उंचीच्या. असे लिहिले, तर मालकाला काय करता येईल हे पहिल्याच दिवशी कळते, आणि अभियंत्यालाही अंदाजपंचे निर्णय घ्यावा लागत नाही. फोर्टातल्या इमारतीच्या नेमके उलटे नोंदपत्र निघाले तरी बिघडत नाही.

वाडे असे मोडकळीला का आले, यालाही तारीख आहे. या भागात जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या इंग्रजांच्या आधीपासूनच्या. कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल १८१८ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध उठला, हे त्यांतले गाजलेले प्रकरण. इंग्रजी अमलात मालगुजाराला गावाची मालकी आणि वसुलीतला वाटा मिळाला, आणि वाड्यांवर माड्या चढल्या. १९५० च्या मध्य प्रदेशाच्या कायद्याने (हा भाग तेव्हा त्या राज्यात होता) १९५१ मध्ये मालगुजारी संपली. पाठोपाठ महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. शेतकऱ्याच्या बाजूने पाहता दोन्ही न्यायाचेच. पण वाडा ज्या उत्पन्नावर उभा होता ते आटले, आणि वाडा तेवढाच राहिला. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरायची, वाळवी पाहायची, भिंती लिंपायच्या, हा खर्च गड्यांच्या राबत्यावर चाले. आता तो निवृत्तिवेतनातून करायचा. वारस नागपूर, रायपूर, पुण्यात. आखीव पत्रिकेवर नावे वाढत गेली, सह्या गोळा करणे हेच एक काम होऊन बसले.

अशा वाड्याचा शेवट बहुधा वारसा नियमाशी झगडून होत नाही. तो एका नोटिशीने होतो. १९६५ च्या नगर परिषद अधिनियमाचे कलम १९५ पडीक आणि धोकादायक इमारतींविषयी आहे. इमारत पडायला आली असे मुख्याधिकाऱ्यांना वाटले, तर ती दुरुस्त करण्याची किंवा उतरवून घेण्याची नोटीस देता येते. जीव वाचवणारे कलम आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण हिस्सेदारांत एकमत नसेल, भाडेकरू हलत नसेल, तर ही नोटीस काहींना शापापेक्षा वरदान वाटते, आणि छपराची कवेलू मुद्दाम न फेरता दोन पावसाळे जाऊ दिले तर मातीची भिंत आपोआप धोकादायक होते. यादीतल्या इमारतीला अशी नोटीस देण्यापूर्वी रचना अभियंत्याचा अहवाल आणि वारसा समितीचे मत घेतले, तर ‘पाडा’ आणि ‘टेकू देऊन वाचवा’ यांतला फरक कळण्याला जागा राहते.

दुरुस्तीचाही एक धडा इथेच सांगून टाकायला हवा, कारण सद्भावनेने केलेली दुरुस्ती वाड्यांना सर्वाधिक नडली आहे. मातीची किंवा चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतला ओलावा शोषते आणि पृष्ठभागातून सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलावा आत कोंडतो, भिंत भुसभुशीत होते, आणि काही वर्षांनी गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट गळून पडतो. बाहेरून घट्ट दिसणारी भिंत आतून पोकळ झालेली असते. नियमावलीने चुना वापरा एवढे सांगून भागणार नाही. चुना मळणारा गवंडी आणि कवेलू घडवणारा कुंभार मिळायला हवा. आणि किरकोळ डागडुजीसाठी समितीच्या बैठकीची वाट पाहावी लागता कामा नये. कवेलू बदलायला तीन महिन्यांची फाइल लागणार असेल, तर मालक फाइल करणार नाही आणि कवेलूही बदलणार नाही. ठरलेल्या साहित्याने, होते तसेच दुरुस्त करायचे असेल तर साध्या सूचनापत्रावर काम सुरू व्हावे, हे इथल्या पावसाला धरून आहे.

बाजारपेठेतल्या ओट्यांना आणखी एक वैरी आहे, आणि तो नगर परिषदेच्याच नकाशात बसलेला असतो: रस्ता रुंदीकरणाची रेषा. विकास आराखड्यात गल्लीची रुंदी वाढवून दाखवली, की त्या गल्लीत जो कोणी नवे बांधेल त्याला मागे सरावे लागते. एक घर मागे सरते, शेजारचे जुने जागेवर राहते, आणि पन्नास वर्षे गल्ली तुटक्या कंगव्यासारखी दिसत राहते. वारसा नियमात याचीही दखल आहे. रुंदीकरणाचे प्रस्ताव राबवताना यादीतल्या वास्तूंचा विचार करायचा, आणि संवर्धनासाठी गरज पडल्यास इतर बांधकाम नियमांत सवलत द्यायची. अर्थात, पुन्हा, यादी असेल तर.

गोंदिया शहराचा जन्म तसा वाड्यांपेक्षा रेल्वेशी बांधलेला. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे इथून गेली, मग ती बंगाल-नागपूर कंपनीकडे आली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे जाणारी नॅरोगेज फुटली. लाख, डिंक, तेंदूपाने, धान गोळा होऊ लागले, व्यापारी आले, गिरण्या आल्या. शहराचा सगळ्यात जुना आधुनिक थर कोणता म्हणाल, तर रेल्वेचा. गंमत अशी, की नगर परिषदेने कितीही चोख यादी केली तरी रेल्वेच्या आवारात तिचा हात आखूडच राहतो: नगररचना कायद्यात रेल्वेच्या कामकाजाशी निगडित बांधकामांना सूट आहे, आणि इतर सरकारी बांधकामांसाठीही खाजगी मालकाहून वेगळी, सौम्य रीत आहे. नॅरोगेजच्या आठवणींना घर मिळाले ते नागपुरात, मोतीबागेच्या संग्रहालयात, २००२ मध्ये.

याउलट नियम जिथे अनपेक्षितपणे सढळ आहे ती जागा म्हणजे पाणी. मुंबईच्या नियमाने वारशात टेकड्या, देवराया, जलाशय आणि त्यांलगतची जागा, फिरण्याच्या वाटा आणि चक्क घोडेवाटासुद्धा घेतल्या. घोडेवाटा थंड हवेच्या ठिकाणांच्या. गोंदियात त्यांचे काम नाही. पण जलाशय आणि लगतची जागा हे शब्द या जिल्ह्यासाठीच लिहिल्यासारखे आहेत. कोहळी समाजाने बांधलेले तलाव ही इथली सर्वांत मोठी स्थापत्यकृती. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. टेकड्यांमधली फट पाळीने बुजवून अडवलेले ते पाणी. मालगुजारी गेल्यावर गावोगावच्या तलावांची सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी तलाव’ अशी नोंद झाली आणि बोलण्यात ते ‘मामा तलाव’ झाले. तलाव म्हणजे नुसते पाणी नव्हे. पाळ, सलंग (सांडवा), नहर, काठावरचे देव, आणि पाण्याचा येवा येणारा उतार हे सगळे मिळून तो चालतो. शहर वाढते तेव्हा तलाव कोणी एका दिवसात बुजवत नाही. आधी येव्यावर भूखंड पडतात, मग नाल्यावर स्लॅब, मग पाळीवर टपऱ्या. वारसा परिसर म्हणून तलावाबरोबर त्याची पाळ आणि येवा नकाशावर आखला, तर यांतली प्रत्येक पायरी परवानगीच्या कक्षेत येते. वाड्याला वाचवण्यापेक्षा हे काम सोपे आहे: तलाव बहुधा सार्वजनिक मालकीचा असतो, आणि सातबाऱ्यावर वीस वारसांची नावे नसतात.

राहिला दंडाचा आणि पैशाचा प्रश्न. विनापरवाना बांधकामासाठी नगररचना कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद सांगितली आहे, आणि दंड दोन हजार ते पाच हजार रुपये. एका सागवानी खांबाच्या किमतीपुढे ही रक्कम हसू यावे अशी. जरब आहे ती पाडलेले पूर्ववत करायला लावण्याच्या आणि वाढीव चटई क्षेत्र नाकारण्याच्या अधिकारात.

मालकाला भरपाई म्हणून मुंबईने हस्तांतरणीय विकास हक्क देऊ केला: वारसा इमारतीमुळे जे बांधता येत नाही ते क्षेत्र दुसरीकडे विकता येते. जिथे चौरस फुटाला हजारो रुपये मोजले जातात तिथे या कागदाला गिऱ्हाईक मिळते. जिथे शहराबाहेर मोकळे भूखंड सहज मिळतात तिथे हा हक्क विकत घेऊन कोण मजला चढवणार? गोंदियासारख्या शहरात त्यापेक्षा दुसरी सवलत कामाची आहे. मालकाने वास्तू आहे तशी जपण्याची लेखी हमी दिली, तर समितीच्या संमतीने राहत्या भागाचा काही किंवा सगळा हिस्सा दुकान, कार्यालय किंवा हॉटेलसाठी वापरण्याची मुभा नियम देतो. म्हणजे प्रकरणाच्या सुरुवातीचे ते वारस दर्शनी भिंत न पाडताही भाडे मिळवू शकतात. ओसरीत बँकेची शाखा, कोठीत बियाण्यांचे दुकान, माडीवर वकिलाचे कार्यालय, चौकात लग्नाचा मांडव. फक्त बँकेचा काउंटर खांबात खिळे ठोकून बसवायचा नाही, आणि वातानुकूलन यंत्राची पेटी दरवाज्याच्या कोरीव पट्टीवर टांगायची नाही. हे करायला घरपट्टीत थोडी सूट नगर परिषदेने दिली, तर तिचा तोटा दुकानांच्या कराने भरून निघण्यासारखा आहे.